‘आय हॅव फोर्टी इयर्स’: इटालियन शेजारीण आणि इंग्रजीतली ओळख

इटलीत बर्गामोजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या इमारतीतल्या इटालियन शेजारणीला त्या संध्याकाळी थोडं थोडं इंग्रजी शिकवतात. शेजारीण हुशार आहे, शब्द भराभर पाठ करते, पण स्वतःची ओळख करून देताना दर वेळी ‘आय हॅव फोर्टी इयर्स’ म्हणते. ‘माय नेम इज मारिया’ शिकवलं, तेव्हा तिनंच उलट विचारलं की आमच्या इटालियन ‘मी क्यामो मारिया’त ‘नाव’ कुठे आहे? ताई विचारतात, ‘मी क्यामो’चा नेमका अर्थ काय, आणि हे ‘हॅव’ तिच्या तोंडून जाईल कसं?

ताई, शेजारणीला पडलेला प्रश्न फार चांगला आहे. ‘मी क्यामो’त नाव नाहीच. ‘क्यामारे’ म्हणजे हाक मारणं, बोलावणं. फोन करण्यालाही तिकडे हेच क्रियापद. ते लॅटिनमधल्या ‘क्लामारे’वरून आलं, म्हणजे ओरडणं. इंग्रजीतला ‘क्लेम’ त्याच मुळाचा. आधीचा ‘मी’ मात्र आपला ‘मी’ नव्हे. आपल्या ‘मी’ला इटालियनमध्ये ‘इयो’ म्हणतात. त्यांचा ‘मी’ म्हणजे ‘मला’ किंवा ‘स्वतःला’. शब्दाला शब्द लावला तर ‘मी स्वतःला मारिया अशी हाक मारते’ असं काहीतरी विचित्र निघतं. सहसा तेवढंच सांगितलं जातं, पण मला ते अपुरं वाटतं. बाजारात एखादी भाजी दाखवून इटालियन माणूस ‘कोमे सी क्यामा?’ विचारतो, तेव्हा भाजी काही स्वतःला हाक मारत नसते. तिथे अर्थ सरळ ‘हिला काय म्हणतात?’ असाच असतो. म्हणून ‘मी क्यामो मारिया’चं सगळ्यात जवळचं मराठी ‘मला मारिया म्हणतात’ हे. त्यातही ‘नाव’ हा शब्द नाही, आणि तरी नाव कळतंच.

एक फरक मात्र आहे. ‘कोमे’ म्हणजे ‘कसं’. त्यामुळे वस्तूचं इंग्रजी नाव विचारताना ती ‘हाऊ डू यू कॉल धिस?’ म्हणेल. मराठी आणि इंग्रजी इथे एका बाजूला आहेत, दोघीही ‘काय’ विचारतात. ‘व्हॉट’ची सवय लावायला हवी.

‘माय नेम इज’ चुकीचं नाही, पण मी सुरुवात ‘आयम मारिया’ने केली असती. ‘सोनो मारिया’ असं इटालियन लोक स्वतःही सहज म्हणतात, म्हणजे साचा तिच्या ओळखीचा आहे. अडचण एवढीच की ‘सोनो’च्या पोटात ‘मी’ आधीच आहे. क्रियापदच कर्ता सांगतं, जसं आपण ‘आले’, ‘जातेस’ म्हणतो आणि ‘मी’, ‘तू’ गाळतो. म्हणून तिच्या बोलण्यात ‘इज माय ब्रदर’, ‘इज ब्यूटिफुल’ असं येत राहणार. इंग्रजी क्रियापदांचे प्रत्यय जवळजवळ सगळे झिजून गेले, त्यामुळे कर्ता उघडपणे सांगावाच लागतो. इतका, की पाऊस पडताना कोणी कर्ता नसला तरी ‘इट’ आणून बसवतात. इटालियनमध्ये ‘प्योवे’ या एका शब्दात पाऊस पडतो.

आता वयाचं. ‘ओ क्वारान्तान्नी’, माझ्याकडे चाळीस वर्षं आहेत. (‘आन्नी’तला न जोरकस, जोडूनच उच्चारा. एकच न उच्चारला तर शरीराच्या अशा भागाचं नाव होतं, जे चारचौघांत घेत नाहीत.) इटालियनमध्ये वर्षं जवळ असतात, साठवलेली असतात. इंग्रजीत माणूस स्वतःच चाळीस असतो. आणि मराठीत? ‘मी चाळीस वर्षांची आहे’, ‘मला चाळीस पूर्ण झाली’, ‘मला एक्केचाळिसावं लागलं’. आपल्याला ‘हॅव’सारखं क्रियापदच नाही, म्हणून ही दोन्ही वाक्यं आपल्याला बाहेरून स्वच्छ दिसतात. ताई, तुमचा हा फायदा आहे. तो शिकवताना वापरा.

कारण गोष्ट एकट्या वयाची नाही. ‘ओ फामे’, मला भूक आहे. ‘ओ सेते’, तहान आहे. ‘ओ सोन्नो’, झोप आहे. ‘ओ पाऊरा’, भीती आहे. ‘ओ राजोने’, माझं बरोबर आहे. या सगळ्यांत ‘आहे’ म्हणजे ‘जवळ आहे’. भूक, तहान, झोप ही इटालियनमध्ये नामं आहेत, आणि मराठीतही नामंच आहेत. फक्त इटालियन सगळ्यांना एकाच क्रियापदाने बांधतं आणि आपण प्रत्येकीला तिचं वेगळं देतो: भूक लागते, झोप येते, भीती वाटते, थंडी वाजते. परक्या माणसाला मराठी शिकवताना हे ‘वाजते’ समजावून सांगायला किती वेळ जातो, ते ज्यानं शिकवलंय त्याला ठाऊक. इंग्रजीने मात्र नाम बाजूला ठेवलं आणि विशेषणं घेतली: हंग्री, थर्स्टी, स्लीपी. विशेषण जवळ बाळगता येत नाही, माणूस तसा ‘असतो’. उंच असतो, थकलेला असतो, भुकेला असतो.

शेजारणीला हेच सांगा, की इंग्रजीत चाळीस हे विशेषण समजायचं. ‘आय अ‍ॅम टॉल’, ‘आय अ‍ॅम टायर्ड’, ‘आय अ‍ॅम फोर्टी’ ही तिन्ही वाक्यं एका दमात म्हणायला लावा. ‘इयर्स ओल्ड’ सुरुवातीला शिकवूच नका. ‘इयर्स’ हा शब्द आला की तिच्या मनात ‘आन्नी’ येतं, आणि ‘आन्नी’च्या पाठोपाठ ‘ओ’.

थंडीच्या बाबतीत ही चूक खरोखरच घोटाळा करते. ‘ओ फ्रेद्दो’ म्हणजे थंडी वाजतेय. त्याचं ती ‘आय हॅव कोल्ड’ करेल आणि ऐकणारा समजेल ‘आय हॅव अ कोल्ड’, म्हणजे बाईंना सर्दी झालीय. खिडकी लावण्याऐवजी तो औषध सुचवेल. सर्दीला इटालियनमध्ये ‘राफ्रेद्दोरे’ हा वेगळा शब्द आहे, आपल्याकडेही थंडी वेगळी आणि सर्दी वेगळी. इंग्रजीने एकाच ‘कोल्ड’वर दोन्ही भागवलं आणि फरक ‘अ‍ॅम’ आणि ‘हॅव’वर सोडला. त्यात भर म्हणजे इटालियन ‘काल्दो’ ऐकायला ‘कोल्ड’सारखा, पण अर्थ गरम. तुमच्या नळावरचं ‘सी’ हे अक्षर गरम पाण्याचं आहे, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं असेल.

‘ओ’ लिहिताना आधी एक ‘एच’ असतो, तोही सांगायला हवा. इटालियनमध्ये ‘एच’ला आवाजच नाही. ‘ओ’ म्हणजे ‘किंवा’ आणि ‘ओ’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ हे कागदावर वेगळं दिसावं, एवढंच त्याचं तिथलं काम. म्हणून इंग्रजीतला ‘ह’ तिच्या तोंडून निसटतो, ‘हंग्री’चं ‘अंग्री’ होतं, आणि भुकेली शेजारीण समोरच्याला रागावलेली वाटते. उलट, ‘ह’ म्हणायचाच असा निश्चय केला की ‘आय एट अ‍ॅन अ‍ॅपल’चं ‘आय हेट’ होऊन बसतं. आरशावर वाफ धरायला लावा. ‘हंग्री’ म्हणताना काच धुरकट झाली पाहिजे, ‘अँग्री’ म्हणताना नाही.

ओळख झाल्यावर ‘नाइस टू मीट यू’च्या जागी ते ‘प्याचेरे’ म्हणतात, म्हणजे आनंद. हाच शब्द क्रियापदही आहे, आणि इथे मला इटालियन अगदी घरचं वाटतं. ‘मी प्याचे इल काफ्फे’, मला कॉफी आवडते. ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’, मला पुस्तकं आवडतात. ‘मी’ म्हणजे मला, आणि क्रियापद चालतं आवडणाऱ्या वस्तूच्या वचनाने, हुबेहूब मराठीसारखं. इंग्रजीने आवडणाऱ्या माणसाला कर्ता केलं: ‘आय लाइक’. मराठी माध्यमात शिकताना आपणही हीच उडी मारली होती, त्यामुळे ही उडी तुम्ही तिला प्रेमाने शिकवाल याची खात्री आहे.

दोन गोष्टी चटकन. ‘सोनो इन्सेन्यान्ते’, मी शिक्षिका आहे. व्यवसाय असा सांगताना इटालियनमध्ये उपपद नसलं तरी चालतं, इंग्रजीत ‘अ टीचर’ हवंच. आणि ‘पारेन्ती’ म्हणजे नातेवाईक, आईवडील नव्हेत. ‘आय हॅव ट्वेंटी पेरेंट्स’ ऐकलंत तर घाबरू नका.

अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलताना तिला अवघडल्यासारखं होत असेल, तर त्याचं कारण ‘लेई’. इटालियनमध्ये आदरार्थी बोलताना ‘लेई’ वापरतात, ज्याचा दुसरा अर्थ चक्क ‘ती’. आपल्या ‘आपण’सारखाच हा शब्द दोन कामं करतो. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेई’ हटवून त्या जागी ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’, आणण्याची मोहीम चालवली होती, पण ‘लेई’ टिकला. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’, हे तिला उद्धटपणाचं वाटू शकतं. तिला सांगा की ‘यू’ मुळात अनेकवचन आहे, आपल्या ‘तुम्ही’सारखं. नाहीसा झाला तो ‘तू’, जुना ‘दाऊ’. इंग्रजी माणूस कुत्र्यालाही अहोजाहो करतो.

शेवटचं वाक्य तुम्ही दोघींनी मिळून घोटायचं आहे, कारण तिथे तिची चूक तीच आपली चूक. ‘वीवो आ बर्गामो दा चिंक्वे आन्नी’, मी पाच वर्षांपासून बर्गामोत राहते. इटालियनमध्येही साधा वर्तमानकाळ, मराठीतही. म्हणून तीही ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणते आणि आपल्याकडचे कितीतरी जणही. इंग्रजीत हवं ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. वय सांगताना तिच्याकडून काढून घेतलेले ‘हॅव’ आणि ‘इयर्स’ हे दोन्ही शब्द इथे तिला परत द्या.