पऱ्हाटी, जीन्स आणि एक खादाड बुरशी

प्रश्न : सर, आमचं काटोलजवळ शेत आहे. कापूस झाला का पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग लागते, थोडी चुलीत जाते, बाकी पेटवून देतो. पुतण्या म्हणे का सेल्युलेज नावाचं एन्झाईम असते, त्यानं लाकडाची साखर होते आणि साखरेचं इथेनॉल. तर हे कुठे भेटते, आणि शेतातच शिंपडलं तर जमते का?

उत्तर : भाऊ, पुतण्या बरोबर बोलला, फक्त मधलं सगळं खाऊन बोलला.

आधी घरी एक करून पहा. पोळीचा कोरडा तुकडा दोन मिनिटं नुसता चावत बसा, हळूहळू गोडसर लागायला लागतो. आता तुमच्याच कापसाचा छोटा बोळा घ्या (सरकी काढून, नाहीतर दात जायचा) आणि तेवढाच वेळ चावा. काही होत नाही, ओला कापूस तो ओला कापूसच राहतो. आणि गंमत पहा, दोन्हीत ग्लुकोजच आहे, साफ केलेला कापूस तर नव्वद टक्क्यांच्या वर नुसता सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांच्या लांब साखळ्या. फरक फक्त कड्या जोडायच्या पद्धतीत, पिठातल्या साखळ्या वेटोळ्या आणि सैल, सेल्युलोजच्या एकदम सरळ आणि एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की मधात पाणीही धड शिरत नाही. आपल्या लाळेत ती जोड तोडणारी कात्री नाहीच. बैल कडबा पचवतो तो पण स्वतःच्या जोरावर नाही, त्याच्या पोटातले जंतू पचवतात.

सेल्युलेज म्हणजे ती कात्री. एक नाही, तिघांची टोळी आहे. पहिलं साखळीच्या मधातच कुठेतरी काप मारतं, दुसरं मोकळं टोक पकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोडवत पुढे सरकतं, तिसरं त्या जोडीचे दोन सुटे दाणे करतं. तिसरं कमी पडलं का जोड्या साचतात आणि पहिल्या दोघांचं काम ठप्प, जिनिंगवर एकच काटा चालू असला का मागे गाड्यांची लाईन लागते ना, अगदी तसं.

आता पऱ्हाटी. तिच्यात सेल्युलोज भरपूर, पण त्याला लिग्निन नावाच्या, लाकडाला कडक करणाऱ्या पदार्थानं लिंपून ठेवलेलं असतं, आणि ते लिग्निन ही टोळी खात नाही. म्हणून कारखान्यात आधी कुट्टी करून सौम्य ॲसिड आणि वाफेनं ते कवच फोडतात, मग साधारण ५० डिग्रीला, किंचित आंबट पाण्यात, एन्झाईम घालून दोन-तीन दिवस ढवळत ठेवतात. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलच्या अशा प्लांटचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं, तिथे भाताचं तणस वापरतात, वर्षाला दोन लाख टन तणसापासून तीन कोटी लिटर इथेनॉल असा हिशोब आहे. तणस पऱ्हाटीपेक्षा किती मऊ ते तुम्हाला सांगायला नको, तरी एवढा खटाटोप, आणि खर्चात एन्झाईमचा वाटा मोठा.

म्हणून शिंपडायचं डोक्यातून काढा. प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू लागतो, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात धुऱ्यावर पाणी कुठून आणता. त्यापेक्षा श्रेडरनं बारीक करा, शेणकाला आणि थोडा युरिया घालून ओल धरून कुजवा, म्हणजे जिवंत बुरशी स्वतःच एन्झाईम बनवते, फुकटात. पण ढीग नुसता ठेवून देऊ नका बा, त्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच बोंडात निघते.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात माझं कपड्यांचं छोटं दुकान आहे. जीन्सच्या टॅगवर ‘एन्झाईम वॉश’ असतं, गिऱ्हाईक विचारते आणि मला सांगता येत नाही. ह्यानं कापड कमजोर होते का?

उत्तर : ताई, वरच्या भाऊंना सांगितली तीच सेल्युलेजची टोळी ही. पूर्वी जीन्स जुनाट दिसावी म्हणून मशीनमध्ये प्युमिस दगड टाकून घुसळायचे, दगडाचा चुरा खिशात, मशीनची वाट. सेल्युलेज धाग्याचा फक्त वरचा पापुद्रा कुरतडतं, त्याच्यासोबत निळ सुटते, आतला धागा बराचसा शाबूत राहतो. कपड्याच्या पावडरीत पण हे १९८७ पासून आहे, सुती कापडावरची लव काढायला. माझं मत विचाराल तर ह्या एन्झाईमला कुरतडायचं काम दिलं का ते हिट आहे, पूर्ण जेवायला बसवलं का महाग पडते.

आणि हे आलं कुठून ऐका. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे सडायला लागले. ते थांबवायला म्हणून शास्त्रज्ञ बसले, त्यांना हे सेल्युलेज बनवणारी, कापूस खाणारी बुरशी सापडली आणि त्यांच्यातल्या एल्विन रीस ह्यांच्यावरून पुढे तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसी पडलं. कारखान्यात आज तिच्या ज्या जाती वापरतात त्या सगळ्या त्या एकाच नमुन्याच्या लेकी-नाती. कपडे खाणारीलाच धुवायला बसवलं, दुसरं काय.

कापड कमजोर होते का? थोडं होते. वेळ संपली का पाणी कडक गरम करून एन्झाईम मारावं लागते, ते करायला कोणी विसरलं तर पँट मांडीवर लवकर विरते. माल घेताना दोन्ही हातांनी ताणून पहा. आणि पॉलिस्टरच्या टी-शर्टवर आलेले गोळे ह्यानं जातील असं गिऱ्हाईकाला सांगू नका, त्यात सेल्युलोजच नाही, तिथे शेव्हरच लागते.