दोघं निघालात, तर हिशेब दोन ठेवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. तू आणि तुझा पहिलीपासूनचा जोडीदार, दोघांनी नोकऱ्यांवर पाणी सोडलं, बँकॉकची तिकिटं काढली आणि आता मला विचारताय की मुय थाय, म्हणजे ठोसे, लाथा, कोपर, गुडघे सगळं चालणारं ते थायी बॉक्सिंग, शिकायला जावं का! जा. नको म्हटलं असतं तरी गेलाच असतात. पण "आम्ही दोघं आहोत, त्यामुळे काळजी नाही" हे जे वाक्य तू लिहिलंयस, त्यावरच मला बोलायचंय. काळजी त्यामुळेच आहे.

तुमच्यासारख्या जोड्या तिथे ढिगानं आहेत. थायलंडच्या ईशान्येला ईसानचा पट्टा आहे, बुरीराम, सुरिन, खोराट वगैरे. सगळी भातशेती, तीही पावसाच्या भरवशावर. तिथली पोरं आठ-नऊ वर्षांची होतात न होतात तोच देवळाच्या जत्रेतल्या रिंगणात उतरतात. जरा चमकली की एकाच गावातली दोघं-तिघं बँकॉकच्या एखाद्या कॅम्पात येऊन पडतात. ते कॅम्प म्हणजे आपल्याकडच्या तालमीच समज: तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, मोठ्यांनी लहानांना घडवायचं. पहाटे पाचला रस्त्यावर धावणं, मग दोरी, पॅड, बॅग, आणि शेवटी एकमेकांच्या मानेला विळखा घालून गुडघ्यांची झटापट, अर्धा-अर्धा तास. लढताना नावापुढे कॅम्पचं नाव लागतं, घरचं आडनाव कुणाला ठाऊकही नसतं. बिदागीतला साधारण निम्मा वाटा कॅम्पचा. अशा ठिकाणी दोस्ती किती घट्ट होत असेल, विचार कर. तरी काही वर्षांनी एक जण स्टेडियमच्या रिंगणात असतो आणि दुसरा कुणाची तरी वसुली करत मोटारसायकलवर फिरत असतो, असं मी एकाहून अधिक कॅम्पांत बघितलंय.

हे होतं कसं, ते नीट समजून घे.

बँकॉकमधली मुय थायची दोन मोठी स्टेडियम: राजदम्नर्न १९४५ च्या डिसेंबरात सुरू झालं, लुम्पिनी १९५६ मध्ये. लुम्पिनी थायी लष्कराच्या हातात, २०१४ पासून ते राम इंत्रा रस्त्यावर आहे. या दोन जागांवर जिंकणं म्हणजे थायी मुलाच्या दृष्टीनं सगळं काही. पण रिंगणाइतकाच खेळ गॅलरीत चालायचा, कारण तिथे सट्टा कायदेशीर होता. तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या. पहिल्या दोन थंड, दोघं एकमेकांना चाचपतात. नवख्याला वाटतं, लढत का नाहीत? तिसरीला सनई आणि ढोलकीची लय चढते, गॅलरीत शेकडो हात वर जातात, बोटांच्या खुणांनी भाव ठरतात, आणि प्रत्येक लाथेला, प्रत्येक गुडघ्याला एकसुरात हाळी उठते. तिसरी-चौथी फेरी म्हणजे सगळं. निकाल दिसू लागला की पाचवीत पुढे असलेला बऱ्याचदा नुसता पाय नाचवत वेळ काढतो. कोविडनंतर लुम्पिनीवाल्यांनी आतला सट्टा बंद केला, पण म्हणून सट्टेवाल्यांनी दुकान बंद केलं असं समजू नकोस. हल्ली सगळं फोनवर आलंय.

आता मुद्दा. सट्टेवाला लढणाऱ्याकडे थेट जात नाही. लढणारा कॅम्पच्या नजरेखाली असतो. तो जातो जोडीदाराकडे. ज्याला यंदा लढती मिळाल्या नाहीत, ज्याचा गुडघा दुखावलाय, जो कोपऱ्यात बादली आणि बर्फ घेऊन उभा असतो, त्याच्याकडे. आधी जेवायला घालतो. मग सहज विचारतो: वजन उतरवताना त्रास झाला का रे? रात्री नीट झोपला का? पोटरी बरी आहे ना? यात गुन्हा कुठला? बाहेरून बघणाऱ्याला मायेची चौकशी वाटेल. महिन्याभरानं त्या मुलाच्या आईच्या औषधाचे पैसे तोच माणूस भरतो. त्यानंतर जे मागितलं जातं त्याला नाही म्हणायला तोंड उरत नाही, आणि रिंगणातला मित्र मग लाथ थोडी हळू घालतो, ती सट्टेवाल्याच्या धाकापेक्षा दोस्ताला वाचवायला. लढत विकणं हा थायलंडमध्ये १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. कायद्यानं विकणारा सापडतो कधीमधी, जेवू घालणारा क्वचित.

प्रमोटर वेगळे आणि दादा लोक वेगळे, अशी सोयीची विभागणी करून ठेवू नकोस. क्लेव थानिकुल हा बॉक्सिंगमधला बडा प्रमोटर आणि बँकॉकच्या गुन्हेगारी जगातला बडा माणूस, एकाच देहात. १९९१ मध्ये शहराबाहेर त्याच्या गाडीवर दबा धरून गोळीबार झाला आणि तो मेला. त्याच्या कृपेवर किती पोरांची चूल पेटत असेल, ते सोड. आणि ज्या वस्त्यांतून ही पोरं येतात तिथे गोळ्या दुसऱ्याही असतात: याबा, म्हणजे मेथ या नशेच्या द्रव्याच्या स्वस्त लालसर गोळ्या. २००३ मध्ये सरकारनं त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं, तर पहिल्या तीन महिन्यांतच २,००० हून जास्त माणसं मारली गेली. बंदरालगतच्या ख्लोंग तोय झोपडपट्टीतून जाशील तेव्हा हे डोक्यात असू दे आणि तिथल्या मुलांकडे तमाशा म्हणून बघू नकोस.

तू म्हणशील, आपण परदेशी, आपल्याला कोण विचारतंय. बरोबर, लुम्पिनीत तुझ्यावर कुणी लाख लावणार नाही. तुमच्यासाठी सापळा वेगळा आहे. तुझ्या जोडीदाराचे पैसे तुझ्याआधी संपतील, कारण त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे आणि तुलाही. तो ते तुला सांगणार नाही. मग कुणीतरी हिंदी बोलणारा भला माणूस त्याला म्हणेल, "डेटा एंट्रीचं काम आहे, पगार डॉलरमध्ये, राहणं फुकट, गाडी न्यायला येईल." ती गाडी माई सोतला जाते आणि तिथून नदीपलीकडे म्यानमारमध्ये, जिथे बंद आवारात बसवून लोकांना ऑनलाइन फसवायला लावतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेले ५०० हून अधिक भारतीय परत आणावे लागले. त्यात आपल्याकडचीही पोरं होती. बिचाऱ्यांतला कुणीही लुच्चेगिरी करायला म्हणून घरून निघाला नव्हता.

म्हणून हिशेब दोन ठेवा, पण एकमेकांना उघडे. पैसे वेगळे, आकडे दोघांना माहीत. दर रविवारी कुणाकडे किती उरलेत ते मोठ्यानं सांगायचं, लाज वाटली तरी. ज्याचे आधी संपतील तो परत येईल, आणि दुसरा त्याच्या तिकिटाचे पैसे आजच बाजूला काढून ठेवेल. तिथे कुणाचं फुकट जेवण दोनदा घ्यायचं नाही. पासपोर्ट कॅम्पच्या कपाटात ठेवायचा नाही, स्कूटरच्या भाड्यापोटी तर मुळीच नाही. आणि तो पाच वर्षांचा व्हिसा, ज्यात मुय थायचं प्रशिक्षण चालतं, त्याला ५,००,००० बाट खात्यात दाखवावे लागतात. ते दाखवायला बाजारातून उसने घेणार असाल तर जाऊच नका, म्हणजे सुरुवातच कुणाच्या तरी मिंधेपणानं होणार.

लढतीची घाई नको. पर्यटकी गावांत तीन आठवड्यांच्या सरावावर परदेशी पोरांना रिंगणात ढकलणारे आहेत. २०१८ मध्ये बँकॉकजवळ एक तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागून गेला, आणि तोवर त्याच्या १७० च्या आसपास लढती झाल्या होत्या म्हणतात. १७० लढती झालेल्याचं असं होतं, तर तुमचं काय? दोघांपैकी एकाला डोक्यावर मार बसला तर दुसऱ्यानं त्याचं ऐकायचं नाही, सरळ इस्पितळात न्यायचं.

एक हट्ट मात्र माझा. महिन्याभरानं दक्षिणेकडची रेल्वे पकडा आणि सुरात थानी प्रांतातल्या छैय्याला जा. खारवलेल्या अंड्यांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे, पण मुय छैय्या ही जुनी शैली तिथली. हाताला सुती दोर गुंडाळून लढायचे त्या काळातली. १९१० च्या सुमारास राजा चुलालोंगकोर्नच्या पदरी झालेल्या लढतींत छैय्याच्या मल्लाला मानाची पदवी मिळाली, खोराट आणि लोपबुरीच्या मल्लांबरोबर. खोराटचा ठोसा जड, लोपबुरीचा डाव चतुर, छैय्याचा पवित्रा देखणा, अशी म्हण आहे. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस दोराच्या हातानं एक मल्ल रिंगणात मेला आणि हातमोजे आले. लाथांना आणि गुडघ्यांना गुण मिळू लागले तशी स्टेडियममधून ही शैली मागे पडली. खेत श्रीयापाय या जाणत्या शिक्षकांनी ती शिकवून जिवंत ठेवली. ते १९७८ मध्ये गेले, आजही त्यांच्या शिष्यांचे शिष्य शिकवतात.

तिथे पहिले कित्येक दिवस मारायला शिकवत नाहीत. अडव, वळव, झाक, मग उघड, एवढंच. खाली बसलेला पवित्रा, कोपर पुढे, समोरच्याची लाथ आपल्या कोपरावर येऊन त्यालाच लागावी अशी. तुझ्या जोडीदाराला कंटाळा येईल, तो तसाही आक्रमक. त्याला बसव.

व्हिसाचे कागद भरण्याआधी माझ्याकडे पाठव, बघून देतो. आणि हे पत्र त्यालाही वाचायला दे, त्याच्यावर लिहिलेला भाग न खोडता.