मानशीच्या दारापाशी थांब

बाय,

तुझं पत्र मिळालं, सोबत लेखाचा मसुदाही. पर्यावरणावर मराठीतून वर्षाला एक साहित्यिक अंक निघणार, विद्यापीठ तो छापणार आणि पहिल्या अंकाचं संपादन तुझ्यावर सोपवलं, हे वाचून मी दोन दिवस खुशीत होते. तू विचारलंस, कुठलं लिखाण घ्यायचं आणि कुठलं परत पाठवायचं, हे कशावरून ठरवू? शेवटी दोन ओळींत लिहिलंस, 'बाई, माझा लेख कसा वाटला तेही कळवा.' दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे, म्हणून आधी तुझ्या लेखाचंच बोलते.

लेख गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनावर आहे, म्हणजे बांद घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवर. भाषा स्वच्छ आहे, कळकळ आहे. पण बारा पानांत 'ऱ्हास' अकरा वेळा आलाय, 'समतोल' सात वेळा आणि बांदातून पाणी आत-बाहेर सोडणारी 'मानस' फक्त एकदा. तीही लांबून दिसलेली: 'पलीकडे मानशीचं जुनं दार काळोखात उभं होतं.' त्या दारापाशी तू थांबली नाहीस. दार लाकडाचं की दुसऱ्या कशाचं, त्यातून पाणी गळत होतं का, त्याची देखभाल कोण करतं, हे काही कळलं नाही. माझ्या मते तुझा लेख तिथे सुरू व्हायला हवा.

मी लग्न होऊन चोडणला आले तेव्हा मलाही खाजन म्हणजे फेरीबोटीतून दिसणारी हिरवी पट्टी एवढंच ठाऊक होतं. पहिल्याच पावसाळ्यात, ज्येष्ठातल्या अमावास्येच्या रात्री, सासरे कंदील घेऊन निघाले आणि मला म्हणाले, चल. उधाणाची भरती होती. बांदावर चप्पल टिकत नाही, म्हणून अनवाणी चाललो. मानशीशी पोचल्यावर ते गुडघ्यांवर बसले आणि दाराच्या फळीला त्यांनी कान लावला. मला वाटलं, देवाला नमस्कार करताहेत. ते गळती ऐकत होते. नदीचं पाणी चढतं तसा त्याचा दाब पडून मानशीची दारं मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरज नसते. सासरे म्हणाले, "दार आपसूक धांपता. आमी फकत नदर दवरतात."

ती नदर म्हणजे काय, ते त्या रात्री पाहिलं. फळीच्या सांध्यातून बारीक सूं सूं येत होतं, तिथे त्यांनी पेंढा आणि चिकणमाती कोंबून अंगठ्याने दाबली. मग बांदाच्या आतल्या अंगाने कंदील खाली धरून चालत गेलो. कुर्ल्या बांद पोखरतात, आणि भरतीला त्या बिळांतून पाणी आत झिरपतं. एका ठिकाणी ते थांबले, ओंजळीत पाणी घेतलं आणि कंदिलासमोर धरलं. नितळ होतं. म्हणाले, सकाळी बघू. पुढच्या ठिकाणचं पाणी गढूळ होतं. तिथे मात्र ते लगेच खाली उतरले, कारण गढूळ पाण्याचा अर्थ बांदाच्या पोटातली माती वाहून चाललीय. तासभर आम्ही चिखलाचे गोळे करून दाबत होतो. भरती रोज साधारण दोन घटका उशिरा येते, तेव्हा उद्या रात्री किती वाजता यायचं हे त्यांनी परतताना बोटांवर मोजून सांगितलं. घरात मुरगाव बंदराचं छापील वेळापत्रक होतं, ते त्यांनी कधी उघडलेलं मी पाहिलं नाही.

मराठीत याला एक जुना शब्द आहे: वहिवाट. कोर्टकज्जात तो फार वापरला गेला, त्यामुळे जमिनीच्या हक्काचा वास त्याला लागला. मूळ अर्थ मात्र रोज वागून पडलेली रीत असाच आहे. तुझा अंक वहिवाटीचा असू दे, माझं एवढंच मागणं आहे. पर्यावरण वाचवा म्हणणारे भरपूर आहेत. ते रोज कशाने राखलं जातं, कोण राखतं, कुठल्या हाताने, कुठल्या वेळी आणि कुठे चुकतं, हे साहित्याच्या ताकदीने सांगणारं लिखाण आपल्याकडे फार थोडं आहे.

बाहेर असे प्रयत्न झालेत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेतून २००५ साली 'इकोटोन' नावाचं साहित्यिक नियतकालिक सुरू झालं. दोन परिसंस्था जिथे एकमेकींत मिसळतात त्या पट्ट्याला इकोटोन म्हणतात. ग्रीक मुळांत 'ऑइकोस' म्हणजे घर आणि 'टोनोस' म्हणजे ताण. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सासऱ्यांचा तो बांद आठवला. एका बाजूला मांडवीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला कोरगुट भाताचा वाफा, मध्ये पाचेक हात रुंदीची माती आणि तिच्यावर कंदील घेऊन चालणारा माणूस. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. बाहेरच्या नियतकालिकांचं अनुकरण करू नकोस. विद्यापीठाच्या पैशांतून शोधनिबंधाशिवाय असंही काही निघू शकतं, हे तुमच्या समितीपुढे मांडायला त्यांचा आधार घे, एवढंच.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती तुझ्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, त्यानंतरच्या वर्षी मी एका वार्षिकाचा खाण-विशेषांक संपादित केला. कविता, ललित, कथा, सगळं आलं. नदी रक्ताळलेली, डोंगर सोललेले, आई लुटलेली. मी डोळे पुसत सगळं छापलं. डिचोली तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला अंक नेऊन दिला. त्याच्या शेतात कित्येक पावसाळे खाणीच्या ढिगाऱ्यांवरची तांबडी माती वाहून आली होती. त्याने आठ दिवसांनी अंक परत केला आणि विचारलं, "बाई, हांतूंत माती कशी काडची तें खंय बरयलां?" ती बारीक माती वाळली की तिची खापरी होते, नांगराला दाद देत नाही. त्याने आणि त्याच्या बायकोने ती कुदळीने उचकटून, पाट्या भरभरून मेरेवर टाकली होती, दोन उन्हाळे. मेर मांडीइतकी उंच झाली होती. मी त्याच मेरेवर बसून त्याच्याशी बोलत होते आणि माझ्या अंकात त्या मेरेबद्दल एक ओळ नव्हती. रक्ताळलेली नदी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण तो शब्द घरी बसून सुचतो. मेरेची उंची तिथे गेल्याशिवाय कळत नाही. तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखाला हे लावून बघ: लेखक तिथे गेला नसता तर यातली कुठली ओळ लिहिता आली नसती? एकही सापडली नाही, तर प्रेमाने परत पाठव आणि त्याला तिथे जायला सांग.

तुझ्या लेखाच्या दुसऱ्या भागात खारफुटी येते, आणि तिथे तू घाईत बाजू घेतलीस. चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ सालापासूनचं, दोन चौरस किलोमीटरही नाही. तिथली खारफुटी मलाही प्रिय आहे. माशांची वीण तिच्या मुळांत वाढते, काठ तिच्यामुळे टिकतो. पण ज्या खाजनाचा बांद फुटून बुजवला गेला नाही, तिथेही दोन-चार वर्षांत खारफुटीच उगवते आणि ज्याचं शेत होतं त्याला ती तोडता येत नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या भागात खाजनातल्या खारफुटीचं रक्षण करा असंही आहे आणि खाजनासाठी व्यवस्थापन आराखडा करा असंही आहे. कागदावर दोन्ही शेजारी शेजारी बसतात. शेतात एका झाडाच्या जागी भाताची लोंबी उभी राहू शकत नाही. तू त्या बाईला भेटलीस जिच्या शेतात आता झाडं आहेत, पण तिचं म्हणणं तू दीड ओळीत आटोपलंस आणि लगेच पक्ष्यांकडे वळलीस. तिला दोन पानं दे. बांद का फुटला आणि का बुजवला नाही, हे तिच्या तोंडून येऊ दे. बहुतेक ठिकाणी गोष्ट मानशीच्या पावणीपर्यंत, म्हणजे तिथल्या मासळीच्या लिलावापर्यंत पोचते. मानशीतली मासळी पावणीत चांगले पैसे मिळवून देते, मग मासळीसाठी खारं पाणी हवं त्याहून जास्त आत घेतलं जातं आणि भात मरतो. पूर्वी बांदाची आणि पाण्याची व्यवस्था गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारीकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कुळांचे शेतकरी संघ झाले आणि ती जबाबदारी त्यांच्याकडे आली. कोणाला दोषी ठरवायची घाई करू नकोस. पण पाण्याची चावी कोणाच्या हातात आहे, हे न सांगता खाजनावर लिहिताच येत नाही.

आणि हे नवं नाही. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली गोवा बेटावरच्या आणि शेजारच्या बेटांवरच्या गावकारीच्या चालीरीती लिहून काढवल्या. ते राज्यकर्त्याने महसुलासाठी केलेलं काम होतं. तरी आज पाच शतकांनी आपण ते उघडतो, कारण त्यात कोणी काय करायचं हे लिहिलेलं आहे. तुझ्या अंकातल्या एखाद्या लेखाचं असं व्हावं, ही माझी इच्छा.

भाषेबद्दल तू काळजी केलीस की माणसं कोंकणीत बोलतात आणि अंक मराठी आहे, मग कसं? जसं आपण जगतो तसंच. निवेदन मराठीत ठेव, माणसाचं बोलणं तो बोलला तसं. पोय, मेर, मानस, कुळागर, पुरण यांना प्रमाण मराठीचे कपडे चढवू नकोस आणि पुढे कंसात अर्थही देऊ नकोस. वाक्य असं लिही की पुण्या-नागपूरच्या वाचकाला पोय म्हणजे काय ते वाहताना दिसेल. तुझ्या मसुद्यात तू मानशीला 'जलनियंत्रक द्वार' म्हटलंयस एका ठिकाणी. ते मी खोडलंय.

विषयांची ददात नाही. सत्तरी तालुक्यात म्हादईच्या पात्रात पुरण शेती करणारे आता बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्याकडे लवकर जा. बांबरच्या निरंकाराच्या राईत पाण्यात उभी असलेली रानजायफळाची झाडं आणि ती राई राखणारी माणसं. मिठागरातला आगरी. कुळागरातले पाट. एवढ्यात तीन अंक निघतील.

संपादनाच्या कामातल्या दोनच गोष्टी सांगते, बाकीच्या तुझ्या तू शिकशील. ज्याच्याबद्दल लेख आहे त्याला तो छापण्याआधी वाचून दाखव, त्याच्या अंगणात बसून, मोठ्याने. माझ्या सासऱ्यांवर मी पहिल्यांदा लिहिलं ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला चार चुका दाखवल्या आणि एक गोष्ट काढून टाकायला सांगितली. ती मी काढली आणि अजूनही कुठे लिहिलेली नाही. दुसरं, मानधन. लेखकाला देता येईल तेवढं दे, पण ज्याने दिवसभराचं काम सोडून तुमच्या विद्यापीठातल्या मुलांना बांदावर हिंडवलं, त्याच्या दिवसाचा रोजही अंकाच्या खर्चात धर. समिती विचारेल, हा खर्च कुठल्या शीर्षाखाली? लेखनसाहाय्य म्हण आणि मागे हटू नकोस. तुमची मुलं दोन वर्षांनी विद्यापीठ सोडून जातात, त्या माणसाकडे पुढच्या वर्षी नवी मुलं जाणार आहेत. त्याने दार उघडायला हवं.

मसुदा परत पाठवतेय, पेन्सिलीने बरंच काही लिहिलंय, रागावू नकोस. येत्या अमावास्येला भरती बघायला ये. रायबंदरची शेवटची फेरीबोट चुकवू नकोस आणि मुक्कामाच्या तयारीनेच ये, कारण बांदावरून परतायला मध्यरात्र उलटेल. सासरे आता नाहीत, पण त्यांच्याबरोबर लहानपणी चिखल वाहणारा शेजारचा मुलगा आता पन्नाशीचा आहे आणि त्या मानशीवर तोच लक्ष ठेवतो. तू येणार हे मी त्याला सांगितलंय. लाकूड पोखरलं गेल्यामुळे यंदा एक फळी बदलावी लागली, ती कशी बसवली हे त्याला विचार. मग घरी जाऊन तिसऱ्या पानावरचा 'ऱ्हास' खोड आणि त्या जागी ती फळी लिही.

तुझी,
बाई