कमरख अजिबात नको

ताई, तुमचं डायलिसिस नुकतंच सुरू झालंय म्हणून आधी हेच सांगतो. केळं, नारळपाणी पोटॅशियममुळे जपून, ते डॉक्टर सांगतीलच. पण कमरखाला हातही लावू नका. पिवळसर, पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते ते. गाडीवर तिखटमीठ भुरभुरलेल्या फोडी बघून तोंडाला पाणी सुटतं, मला कळतं. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन नावाचं विष धडधाकट मूत्रपिंड बाहेर टाकतं. आपल्यासारख्या डायलिसिसवाल्यांच्या अंगात ते साठून मेंदूवर जातं. अर्धं फळही पुरतं. सरबत, लोणचंही नको.

चुकून खाल्लंत आणि उचकी थांबेना, उलट्या, बरळणं सुरू झालं, तर पित्त समजून घरी बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा आणि ‘कमरख खाल्लंय’ हे स्वतःहून सांगा. तातडीने डायलिसिस लागतं. उशीर झाला तर झटके येतात, जीवही जातो.