यवतमाळजवळच्या खेड्यात सून पहिलटकरीण आहे, 'दूध पुरत नाही' म्हणते, कोणाला विचारावं?

आजच गावच्या आशाताईंना घरी बोलवा आणि त्यांच्यासमोरच बाळाला अंगावर पाजायला सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ-बाळंतीण पाहणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे, त्यामुळे बोलवायला संकोच नको. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने उभी केली. बहुतेक वेळा दूध असतं, पकड चुकलेली असते: बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही हवा. आठवडाभराचं बाळ दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. वरचं दूध, मध, घुटी कृपा करून देऊ नका. मात्र बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं, किंवा सुनेला ताप येऊन छातीत दुखरी गाठ आली, तर आशाताईंची वाट न पाहता थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ लावा.