प्रागचा यूएसके हा बास्केटबॉल संघ विद्यापीठातून कसा निघाला आणि व्यावसायिक कसा झाला?

आपण विचारले आहे की, प्रागमधील यूएसके हा क्लब विद्यापीठाचा असूनही व्यावसायिक कसा, आणि जुन्या निकालांत त्याच जागी ‘स्लाविया’ हे नाव का दिसते. युरोपीय बास्केटबॉलचा जुना इतिहास हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असे की दोन्ही नावे एकाच क्लबची आहेत. मात्र ज्या काळात त्याने मोठी कामगिरी केली, त्या काळात चेकोस्लोवाकियात व्यावसायिक खेळाडू ही गोष्ट कागदोपत्री अस्तित्वातच नव्हती.

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतर जुन्या क्रीडासंस्थांची मोडतोड झाली आणि १९५३ मध्ये सोव्हिएत धर्तीवर सगळ्या खेळांची व्यवसायवार विभागणी करण्यात आली. यंत्रोद्योगातील कामगारांचे संघ ‘स्पार्ताक’, खाणकामगारांचे ‘बानिक’ आणि विद्यार्थ्यांचे ‘स्लाविया’ झाले. त्याच वर्षी प्रागच्या उच्च शिक्षणसंस्थांचा म्हणून जो क्लब उभा राहिला, तो स्लाविया व्हेएश प्राहा. यातील ‘व्हेएश’ ही उच्च शिक्षणसंस्थांसाठीची आद्याक्षरे होत. गंमत अशी की प्रागचा प्रसिद्ध फुटबॉल क्लब स्लाविया, जो १८९२ मध्ये विद्यार्थ्यांनीच काढला होता, त्याला या फेरवाटपात स्वतःचे नाव गमवावे लागले आणि तो अनेक वर्षे ‘दिनामो’ म्हणून खेळला. त्यामुळे जुने निकाल वाचताना बास्केटबॉलचा स्लाविया आणि फुटबॉलचा स्लाविया एक समजू नयेत.

विद्यापीठाशी असलेले नाते केवळ नावापुरते नव्हते. देशभरातील होतकरू मुले शिक्षणासाठी राजधानीत येत आणि त्यांतील उंचपुऱ्या, खेळात तरबेज मुलांना हा क्लब आपसूक मिळे. खेळाडू एक तर विद्यार्थी असत किंवा कुठेतरी नोकरीला असत. खेळण्याचा पगार अधिकृतपणे कोणालाच नव्हता. माझ्या मते या क्लबच्या यशाचे मूळ कारण ही आयती भरती हेच होय, कारण पैशाने खेळाडू खेचण्याची वाट जिथे बंद असते, तिथे विद्यापीठातील प्रवेश हेच सर्वांत मोठे आमिष ठरते.

१९६५ आणि १९६६ मध्ये स्लावियाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि १९६६ च्या वसंतात हा संघ युरोपीय चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बोलोन्यात झालेल्या त्या सामन्यात मिलानच्या सिमेंथाल संघाने त्यांना ७७–७२ असे हरवले. मिलानकडून त्या मोसमात बिल ब्रॅडली खेळत होता, जो ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना सामन्यांपुरता विमानाने इटलीत येत असे आणि पुढे न्यूयॉर्क निक्सचा खेळाडू व अमेरिकेचा सिनेटर झाला. म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबला हरवणाऱ्या संघातला सर्वांत नावाजलेला गडीही विद्यार्थीच होता.

त्यानंतरचे दोन अंतिम सामने मात्र निवांत सांगण्याजोगे आहेत. हे दोन्ही सामने युरोपीय कप विनर्स कपचे, म्हणजे राष्ट्रीय करंडक विजेत्यांसाठीच्या स्पर्धेचे होते. ४ एप्रिल १९६८ रोजी स्लावियाची गाठ अथेन्सच्या एईके संघाशी पडली, आणि तीही बंदिस्त सभागृहात नव्हे, तर १८९६ च्या ऑलिम्पिकसाठी संगमरवराने नव्याने बांधून काढलेल्या पानाथिनाइको स्टेडियममध्ये. लांबट, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या या उघड्या मैदानात, मुळात धावण्याच्या शर्यतींसाठी असलेल्या जागेत बास्केटबॉलचे मैदान मांडण्यात आले आणि पायऱ्यापायऱ्यांच्या संगमरवरी बाकांवर ८०,००० प्रेक्षक बसले; गिनीजच्या विक्रमांत या संख्येची नोंद आहे. एवढ्या मोठ्या मैदानात वरच्या रांगांतल्या माणसाला चेंडू कितपत दिसला असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. बास्केटबॉल हा मुळात जवळून पाहण्याचा खेळ आहे. एईकेने हा सामना ८९–८२ असा जिंकला आणि कोणत्याही सांघिक खेळात ग्रीक क्लबला मिळालेला तो पहिला युरोपीय करंडक ठरला.

या सामन्यामागचे राजकारणही लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रीसमध्ये वर्षभरापूर्वीच लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली होती, तर प्रागमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे नेते अलेक्झांडर डूबचेक यांच्या नेतृत्वाखाली नियंत्रणे सैल होत होती आणि सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिलला, त्यांच्या पक्षाने सुधारणांचा कृती कार्यक्रम स्वीकारला. ऑगस्टमध्ये वॉर्सा करारातील देशांचे रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि तो सगळा खेळ आटोपला.

पुढच्या वर्षी, एप्रिल १९६९ मध्ये, स्लाविया पुन्हा त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आला. ठिकाण होते व्हिएन्ना आणि समोर होता दिनामो त्बिलिसी, म्हणजे सोव्हिएत संघराज्यातील जॉर्जियाचा संघ. तीन-चार आठवड्यांपूर्वीच स्टॉकहोममध्ये चेकोस्लोवाकियाच्या आइस हॉकी संघाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवले होते, त्या आनंदात लोक रस्त्यावर उतरले होते आणि प्रागमधील एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीच्या कार्यालयाची नासधूस झाली होती. त्याच निमित्ताने मॉस्कोचा दबाव वाढला आणि १७ एप्रिल रोजी डूबचेक यांच्या जागी गुस्ताव्ह हुसाक आले. अशा महिन्यात यारोस्लाव्ह शीप यांच्या मार्गदर्शनाखाली स्लावियाने त्बिलिसीला ८०–७४ असे नमवून करंडक जिंकला. हॉकीच्या त्या दोन विजयांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. बास्केटबॉलचा हा विजय मात्र त्यांच्या सावलीत झाकला गेला, हे मला अन्यायाचे वाटते.

या सर्व वर्षांत संघाचा आधार होता यिरी झीडेक हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. १९६७ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या राष्ट्रीय संघातही तो होता, विसाव्या शतकातील सर्वोत्कृष्ट चेक बास्केटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिले. १९६९ ते १९७२ अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे याच पिढीची. पुढे ब्रातिस्लाव्हा, ब्रनो यांचे संघ वरचढ होत गेले. १९८१ आणि १९८२ च्या विजेतेपदांनी स्लाविया पुन्हा वर आला, पण युरोपात तो दबदबा परतला नाही.

आता व्यावसायिकतेकडे वळू. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांच्याच मोर्चापासून सुरू झालेल्या क्रांतीनंतर जुनी चौकट कोसळली. क्लबने ‘विद्यापीठ क्रीडा क्लब’ या अर्थाची यूएसके ही आद्याक्षरे घेतली, खेळाडूंशी उघड करार होऊ लागले आणि पुरस्कर्ते शोधणे भाग पडले. पण सीमा खुल्या होताच चांगल्या खेळाडूंना बाहेरचे दरवाजेही खुले झाले. झीडेकच्या मुलाचेच उदाहरण पाहा: वडिलांचेच नाव लावणारा हा खेळाडू अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात गेला, १९९५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता आणि त्याच वर्षी शार्लट हॉर्नेट्सने निवडल्यामुळे एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक साखळीत खेळणारा पहिला चेक ठरला. ज्या क्लबची ताकद आयत्या भरतीत होती, तो आता इतरांसाठी खेळाडू घडवणारा क्लब झाला. २००४ पासून तर पुरुषांच्या साखळीवर नीम्बुर्क या प्रागबाहेरच्या लहान शहरातील संघाने दीर्घकाळ पकड ठेवली.

महिला संघाची कथा नेमकी उलट दिशेने गेली. मिलेव्हस्को येथील झेडव्हीव्हीझेड या हवा खेळवणाऱ्या यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचे पाठबळ लाभल्यावर हा संघ युरोपातील बलाढ्य संघांत गणला जाऊ लागला. नातालिया हेय्कोव्हा या स्लोवाक प्रशिक्षिकेने यापूर्वी रुझोम्बेरोक आणि मॉस्कोच्या स्पार्ताक संघाला युरोलीग, म्हणजे युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकून दिली होती. २०१५ मध्ये तिने यूएसकेलाही ती मिळवून दिली. प्रागमध्येच झालेल्या अंतिम सामन्यात डायना टॉरासी आणि कँडेस पार्कर यांसारख्या खेळाडू असलेल्या येकातेरिनबुर्गच्या संघाला ७२–६८ असे हरवताना यूएसकेकडे कातेरझिना एल्होतोव्हासारख्या चेक खेळाडूंबरोबर स्पेनची लाया पालाऊ होती. २०२५ मध्ये सारागोसा येथे तुर्कस्तानच्या मेर्सिन संघाला हरवून महिलांनी युरोलीग दुसऱ्यांदा जिंकली.

तेव्हा आज विद्यापीठाशी असलेले नाते नावात आणि परंपरेत उरले आहे; संघ चालतो तो करार आणि पुरस्कर्त्यांवर. आपण प्रागमध्ये असाल आणि क्लब प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर महिलांच्या सामन्याला जावे असे मी सुचवेन. ते स्ट्रोमोव्हका उद्यानाजवळच्या क्रालोव्हका सभागृहात होतात आणि सभागृह लहान असल्यामुळे कुठूनही खेळ जवळून दिसतो.