वाचकांचे प्रश्न : हार्ड डिस्क एकाएकी मंदावली

प्रश्न : मालवणजवळच्या एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे आणि दशावताराच्या प्रयोगांचे चित्रीकरण मी उबुंटू असलेल्या संगणकावरून एक टीबीच्या यूएसबी ३ हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतो. गेल्या वर्षी २०० जीबी उतरवायला अर्धा-पाऊण तास पुरत असे. यंदा पावसाळा संपल्यापासून दीड तासावर वेळ जातो. पहिला मिनिटभर वेग भरपूर दिसतो, मग सेकंदाला ३५ एमबीवर येतो आणि तिथेच राहतो. दुकानदार म्हणतात, डिस्क गेली, नवी घ्या. खरेच तसे असेल का?

उत्तर : नव्या डिस्कची घाई करू नये. आपण दिलेला ३५ हा आकडाच बरेच काही सांगून जातो. बिघडत चाललेली डिस्क इतक्या शिस्तीने चालत नाही. तिचा वेग खालीवर होतो, मध्येच ती ठप्प होते आणि पुन्हा सुरू होते. सेकंदाला ३० ते ४० एमबीवर ठाम राहणे ही यूएसबी २ ची खूण आहे, कारण त्याचा ४८० मेगाबिटचा वेग म्हणजे कागदावर ६० एमबी भरत असला, तरी देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता हाती एवढेच उरते. पहिल्या मिनिटातला भरपूर वेग तर मोजूच नये; उबुंटूच्या मुळाशी असलेली लिनक्स प्रणाली मजकूर आधी रॅममध्ये घेते आणि डिस्कवर मागाहून लिहिते, त्यामुळे तो वेग रॅमचा असतो.

यूएसबी ३ च्या जोडणीत यूएसबी २ च्या काळातले चार संपर्क तसेच ठेवून आणखी पाच दिलेले असतात. या पाचांपैकी एखादा जरी नीट टेकला नाही, तरी संगणक तक्रार न करता जुन्या चारांवर काम सुरू ठेवतो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हे संपर्क काळवंडणे मुळीच नवलाचे नाही. खिडकीच्या गजांचे काय होते ते आपण दरवर्षी पाहतोच.

खात्रीसाठी टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही कमांड '-टी' जोडून चालवावी. आपल्या डिस्कच्या ओळीच्या शेवटी '५०००एम' दिसले पाहिजे. '४८०एम' दिसले तर दोष जोडणीत आहे. तसे असल्यास डिस्क हबमधून किंवा कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने न जोडता मागच्या निळ्या पोर्टमध्ये थेट जोडावी, आणि पिन एका झटक्यात पूर्ण आत सारावी, कारण ती हळूहळू खोचल्यास जुने संपर्क आधी जुळून डिस्क यूएसबी २ म्हणून ओळखली जाऊ शकते. तरीही ४८०च राहिले, तर केबल बदलावी. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. संपर्क पुसायचेच असतील, तर सारे बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. पॉलिश पेपर मात्र लावू नये, त्याने वरचा मुलामाच निघून जातो.

अशा वेळी एनटीएफएसला, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या विंडोजच्या पद्धतीला, दोष देण्याची पद्धत आहे. पण याच डिस्कवर, याच मांडणीत गेल्या वर्षी वेग चांगला होता, म्हणून तो संशय मी बाजूला ठेवतो.

डिस्कची प्रकृती मात्र एकदा पाहून घ्यावी. 'स्मार्टमॉनटूल्स' बसवून 'स्मार्टसीटीएल -ए' चालवले की तक्ता येतो; त्यात क्रमांक ५ आणि १९७ च्या ओळींतला शेवटचा आकडा शून्य हवा. ५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, अर्थात डिस्कवरचे साठवणीचे कप्पे; १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर. तिथे आकडा दिसला, तर वेगाचा विचार सोडून आधी सर्व चित्रीकरण दुसरीकडे उतरवावे. मग दुकानदारांचे म्हणणे खरे मानायला हरकत नाही. क्रमांक १९९ वाढलेला दिसला, तर ती डिस्कच्या डब्याच्या आतल्या साटा जोडणीची, म्हणजे डिस्क आणि यूएसबी सर्किट यांच्यामधल्या दुव्याची, चूक असते, बाहेरच्या यूएसबी केबलची नव्हे.

केबल बदलल्यावर वेगाची तुलना एकाच मोठ्या व्हिडिओ फाइलवर करावी. हजारो लहान फोटो उतरवताना निरोगी डिस्कही रेंगाळते, आणि बिचाऱ्या नव्या केबलवर विनाकारण आळ येतो.